धागा: दोन वर्षं टाकीत पडून राहिलेलं डिझेल जुन्या सहा सिलिंडर इंजिनाला चालेल का?

खाडीकाठ — ६ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमची चाळीस फुटी लाकडी बोट दाभोळ खाडीत आहे. अशोक लेलँडचं सहा सिलिंडर इंजिन, जुनं, लाइन पंपवालं. मे २०२३ मध्ये पावसाळी मासेमारीबंदीच्या आधी बोट वर काढली, झाप घालून शाकारली, आणि त्याच पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतरचे दोन्ही हंगाम बोट जागची हलली नाही. मी पुण्यात नोकरीला होतो. आता गावी आलोय, आणि १ ऑगस्टला बंदी उठली की बोट पाण्यात लोटायचीच असं ठरवलंय.

टाकी चारशे लिटरची आहे. काठी घालून माप घेतलं तर साधारण २६० लिटर डिझेल आत निघालं, तेव्हा भरलेलंच. आजचा भाव नव्वदीच्या घरात आहे, म्हणजे तेवीस-चोवीस हजारांचा माल झाला. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही.

वरून नळीने थोडं काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतलं. रंग कडक चहासारखा झालाय आणि वास वॉर्निशकडे झुकणारा. काठीच्या टोकाला चार बोटं काळं, बुळबुळीत काहीतरी लागलं. गावातले म्हणतात जुनं इंजिन आहे, काहीही पचवतं. खरंच पचवेल का? बाबांना विचारावं तर अजून बोलताना शब्द सापडत नाहीत त्यांना.


डोलवाला — ६ जुलै, रात्री ११:०५

आम्ही दरवर्षी पावसाळ्याआधीचं उरलेलं डिझेल नारळी पौर्णिमेनंतर वापरतो. निम्मं जुनं, निम्मं नवं. वडिलांच्या वेळेपासून हेच चालू आहे, इंजिनाला आजवर काही झालेलं नाही. टाकून देऊ नका.


नाखवा_जयगड — ७ जुलै, सकाळी ६:४०

डोलवाला, तुमचं डिझेल दोन महिन्यांचं असतं, यांचं दोन वर्षांचं आहे. दोन्ही एका मापाने मोजू नका.

खाडीकाठ भाऊ, आधी एवढं सांगा. टाकी कशाची आहे, साध्या लोखंडी पत्र्याची, गॅल्व्हनाइजची (जस्त चढवलेली) की स्टेनलेसची? हवेची नळी कुठे निघते आणि तिला वरून वळण आहे का? डेकवर डिझेल ओतायचं जे तोंड आहे, त्याच्या झाकणाचा वॉशर शाबूत आहे का? आणि टाकीला तळाशी कॉक आहे का?

आणि बॅटरी जोडून नुसतं बघूया म्हणून स्टार्टर मारू नका, ही कळकळीची विनंती.


खाडीकाठ — ७ जुलै, सकाळी ९:२०

टाकी साध्या लोखंडी पत्र्याची, आतून रंग नाही. तळाला कॉक आहे, पण गंजून बसलाय. हवेची नळी डेकच्या वर वीतभर येते, वळण आहे. झाकणाचा वॉशर बघितला, कडक होऊन तडकलाय. बाबांनी सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवलेला दिसतोय.

स्टार्टर मारलेला नाही, मारणारही नाही. पण का नको ते समजावून सांगाल का?


पंपवाला_चिपळूण — ७ जुलै, दुपारी २:३०

हे मी सांगतो. गेली बावीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचंच काम करतोय, आणि ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर येणारे निम्मे पंप बोटींचे असतात.

तुमचा पंप बहुतेक मायकोचा असणार. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण आपण अजून मायकोच म्हणतो. त्यात सहा सिलिंडरचे सहा प्लंजर, म्हणजे दट्टे, प्रत्येक आपापल्या बॅरलमध्ये, म्हणजे नळीत. दोघांच्या मधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्या फटीत वंगण म्हणून दुसरं काही नसतं, डिझेल हेच तिचं वंगण. खालच्या कॅमला ऑइल मिळतं म्हणून हा पंप बराच सोसतो. सीएव्ही कंपनीचा गोल पंप असता तर तो पूर्णपणे डिझेलवर जगतो, आणि पाणी आलं की आधी तो मरतो.

स्टार्टर का नको ते आता ऐका. हे सहाही प्लंजर एका दांडीने फिरतात, तिला आम्ही रॅक म्हणतो. वेग सांभाळणारा गव्हर्नर ही रॅक मागेपुढे करून डिझेल कमी-जास्त करतो. दोन वर्षं उभ्या पंपात डिझेलचा डिंक होतो, पाणी असेल तर गंज चढतो, आणि एखादा प्लंजर चिकटून बसतो. एक चिकटला तरी रॅक अडकते. स्टार्ट करताना रॅक पूर्ण डिझेलच्या जागी असते. ती तिथेच अडकली आणि इंजिन पेटलं, तर त्याचा वेग चढतच जातो. तुम्ही स्टॉपची तार ओढाल, पण ती तारही त्याच रॅकला ओढते, त्यामुळे काही होणार नाही. मी असं एक इंजिन डोळ्यांनी पाहिलंय. अर्ध्या मिनिटात कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. त्या दिवशी कोणी जवळ उभं नव्हतं म्हणून बरं.

म्हणून आधी पंपाच्या बाजूची झाकणपट्टी उघडा आणि रॅक बोटाने सरकते का बघा. लोण्यासारखी सरकली पाहिजे. अडली तर जोर करू नका, पक्कड तर लावूच नका. पंप काढून घेऊन या.


निवृत्त_प्रयोगशाळा — ७ जुलै, रात्री ८:१५

इंधन तपासणीच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, म्हणून डिझेलच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो.

डिझेल दुधासारखं एका दिवसात नासत नाही. स्वच्छ, कोरड्या, झाकलेल्या आणि सावलीतल्या टाकीत ते सहा महिने ते वर्षभर आरामात टिकतं. पुढे हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यातले काही घटक एकमेकांना जोडले जाऊन डिंक तयार होतो. तुमचा चहाचा रंग आणि वॉर्निशचा वास त्यातूनच आलाय. तांबं, पितळ आणि जस्त ही क्रिया वेगाने घडवतात. गॅल्व्हनाइजची टाकी डिझेलला वाईट ती यासाठी, कारण जस्ताचा साबण होऊन तो नोझलवर बसतो. तुमची टाकी साध्या लोखंडाची आहे हे चांगलं झालं. तांब्याच्या नळ्या असतील तर त्या मात्र आतून तपासा.

रंग काळवंडला म्हणजे जळण्याची ताकद गेली, असं समजू नका. पेटण्याचा गुण दोन वर्षांत फारसा उतरत नाही. तुमचं इंजिन नोझलपाशी पावणेदोनशे-दोनशे बारच्या दाबावर चालतं. आजच्या कॉमन रेल इंजिनात तो दीड हजाराच्या पुढे असतो, तिथे मी हे डिझेल थेंबभरही घालू दिलं नसतं. तेव्हा जुनं इंजिन जास्त पचवतं हे गावातल्यांचं म्हणणं निराधार नाही.

पण ते पाणी पचवत नाही, आणि मला काळजी त्या चार बोटं काळ्या थराची आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून पाणी तळाला जातं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या रेषेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. डिझेल हे त्यांचं अन्न. ते आम्ल सोडतात आणि टाकीचा तळ खातात. पाणी नसेल तर ही वस्ती वाढूच शकत नाही. त्यामुळे डिझेल जुनं झालंय का, यापेक्षा त्यात पाणी किती आहे आणि ते कुठून आलं, हे आधी शोधा.

पाणी यायला मुख्य वाटा दोन असतात. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते, पावसाळी हवा आत ओढते आणि पत्र्यावर दव धरतं. नाहीतर समुद्राचं किंवा पावसाचं पाणी झाकणातून शिरतं. कुठलं आहे ते घरी ओळखता येईल. तळाचं थोडं पाणी काढून ठेवा, वरचा डिझेलचा तवंग टिपकागदाने उचला, आणि पाणी स्टीलच्या ताटलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस सुकू द्या. चुलीजवळ नेऊ नका. पांढरी खरखरीत पूड उरली तर ते समुद्राचं पाणी.


डोलवाला — ७ जुलै, रात्री ९:५०

एवढं सगळं करायचं तर थोडं पेट्रोल किंवा रॉकेल घालून पातळ करून घेतलं तर नाही का चालणार? पूर्वी रॉकेल घालायचेच की.


निवृत्त_प्रयोगशाळा — ७ जुलै, रात्री १०:२०

पेट्रोल अजिबात नाही. बोटीचं इंजिन बंद खणात असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला साचते आणि बॅटरीच्या एका ठिणगीने सगळी बोट जाते. रॉकेलने डिंक विरघळत नाही, उलट डिझेलचं वंगण कमी होतं. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ डिझेल आहे, गंधक १० पीपीएमच्या आत. गंधक काढताना नैसर्गिक वंगणही निघून जातं, ते वेगळं मिसळून भरून काढतात. त्यात रॉकेल ओतलं तर पंपवाल्यांनी सांगितलेल्या त्या दोन मायक्रॉनच्या फटीत काय उरणार?


पोर्ट्समथकर — ८ जुलै, पहाटे २:०५

इथे इंग्लंडमध्ये माझ्याकडे एक जुनी शिडाची होडी आहे, डिझेल इंजिनवाली. थंडीत सहा महिने उभी असते. इथल्या डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत जैवडिझेल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे बुरशीचा त्रास मीही भोगलाय. बाजारात बुरशी मारायचं औषध मिळतं. मी ते टाकी न धुता घातलं, ही चूक झाली. बुरशी मेली, तिचे पापुद्रे सुटले आणि दोन तासांत तीन फिल्टर तुंबले. आधी टाकी साफ करा, मग औषध. तो क्रम उलटा करू नका.


नाखवा_जयगड — ८ जुलै, सकाळी ७:१०

मी पहिल्याच दिवशी एवढे प्रश्न का विचारले ते आता लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमचीही एक बोट एक हंगाम उभी होती. पाण्यात लोटल्यावर जेटीला बांधून इंजिन चालवलं. दोन तास घड्याळ लावून चालवलं, एक ठोका चुकला नाही. सगळे म्हणाले डिझेल उत्तम आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटीबरोबर निघालो. खाडीच्या तोंडाशी आत येणारी लाट आणि बाहेर जाणारं पाणी एकमेकांवर चढत होतं. बोट हेलकावायला लागली, आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेला इंजिन गुरगुरलं आणि बसलं.

जेटीला बोट स्थिर असते, म्हणून टाकीतला गाळही तळाला स्थिर असतो. तोंडाशी बोट हलली की तो ढवळला जातो आणि एका मिनिटात फिल्टर भरतो. म्हणजे इंजिन बंद पडतं ते नेमकं जिथे पडायला नको तिथेच. आम्ही नांगर टाकला, तो वाळूत धरेपर्यंत बोट खडकापासून तीन वावांवर आली होती. माझा धाकटा भाऊ खाली फिल्टर बदलत होता, त्याच्या हातातून बोल्ट दोनदा निसटला. त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

चोवीस हजार मोठी रक्कम आहे, मान्य. डिझेल वाचवा, पण ते टाकीतून सगळं बाहेर काढून. आत ठेवून, वर नवं ओतून नाही.


डोलवाला — ८ जुलै, सकाळी ८:३०

हे वाचून मीही आज आमच्या टाकीच्या तळाचं काढून बघणार आहे. इतकी वर्षं कधी बघितलं नव्हतं.


पंपवाला_चिपळूण — ८ जुलै, दुपारी १:४५

नाखवांनी बरोबर सांगितलं. काढायची पद्धत लिहितो. हातपंपाची नळी वरून सोडा, पण तिला काठी बांधून टोक तळापासून चार-पाच बोटं वर ठेवा. टाकी हलवू नका. वरचं डिझेल स्वच्छ कोरड्या ड्रमांत भरा, ड्रम झाकून तीन-चार दिवस एका जागी राहू द्या. मग त्यांचंही वरचंच घ्या, तळाचं सोडा. तळाचा गाळ वेगळ्या कॅनमध्ये.

टाकी पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे महिनोन्‌महिने फिल्टरमध्ये सापडतात. जुनं सुती धोतर सगळ्यात चांगलं. पाण्याने धुऊ नका, डिझेलनेच धुवा. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. पाणी आलं की वाटीत डोळ्याला दिसतं.

इंजिन ऑइलची काठीही काढून बघा. पातळी वाढलेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर सगळं ऑइल बदला.


खाडीवाचवा — ८ जुलै, सायंकाळी ६:००

तळाचा गाळ कृपया खाडीत ओतू नका. आमच्या बायका त्याच खाडीत कालवं आणि तिसऱ्या काढतात, आणि डिझेलचा वास लागलेल्या तिसऱ्या बाजारात कोणी हातात धरत नाही. वापरलेलं ऑइल अधिकृतपणे नेणाऱ्याकडे तो कॅन द्या.


खाडीकाठ — १७ जुलै, रात्री ९:३५

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण पाऊस थांबतच नव्हता आणि उघड्यावर टाकी खोलायची नव्हती. ताडपत्री बांधून केलं.

वरून २२० लिटर निघालं. चार दिवस ड्रममध्ये ठेवल्यावर ते वर चक्क स्वच्छ झालं, रंग गडद पण आरपार दिसतं. बरणीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतात. पहिल्या दिवशी नव्हती येत. ड्रमच्या तळाचं सोडून १९५ लिटर चांगलं म्हणून बाजूला काढलं.

टाकीतलं उरलेलं चाळीस लिटर म्हणजे जे होतं ते कसं सांगू. वर डिझेल, मग सायीसारखा काळा पापुद्रा, उचलला की अखंड वर येतो आणि बोटांवरून घरंगळतो. त्याखाली पाणी, नऊ लिटर भरलं. पाण्याखाली गंजाचा चिखल. तळाच्या पत्र्यावर मसुरीएवढे खड्डे पडलेत, आरपार एकही नाही. कॉक बदलला.

पाणी ताटलीत सुकवलं. चौथ्या दिवशी कडेला पांढरी पूड, नखाने खरवडली तर खरखरली. म्हणजे समुद्राचंच. दोन वर्षं बोट जमिनीवर आहे, म्हणजे हे पाणी २०२३ च्या त्या मे महिन्यातलं, किंवा त्याआधीचं. डेकवर लाट आली की त्या तडकलेल्या वॉशरमधून थोडं थोडं शिरत राहिलं असणार. नवा जाड रबरी वॉशर बसवलाय. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मी फेकलेला नाही.

रॅक अडकली होती. बोटाने अर्धीच सरकत होती. पंप काढून पंपवाल्यांकडे नेला.


पंपवाला_चिपळूण — १७ जुलै, रात्री १०:४०

सहापैकी दोन प्लंजर चिकटले होते, चार नंबरला गंजाचा डाग होता. दोन एलिमेंट, म्हणजे प्लंजर-बॅरलच्या जोड्या, बदलले, बाकीचे धुऊन साफ करून बसवले. सहाही नोझल तपासले, दोन टिपकत होते, तेही बदलले. पंप बसवताना टायमिंगची खूण जुळवून बसवा.

पहिल्यांदा इंजिन टाकीवर चालवू नका. वीस लिटरच्या कॅनमध्ये पेट्रोल पंपावरचं ताजं डिझेल घ्या, कॅन इंजिनाच्या वरच्या पातळीला बांधा आणि नळी थेट फीड पंपाला द्या. परतीची नळीही कॅनमध्येच सोडा. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हाताच्या प्रायमरने बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा, मग पंपाच्या स्क्रूवर, शेवटी नोझलचे नट सैल करून. हवा घेण्याच्या तोंडापाशी एक माणूस जाड फळी आणि ओलं पोतं घेऊन उभा ठेवा. इंजिन चढलं तर फळी तोंडावर दाबायची. हाताने कधीच नाही, हात आत ओढला जातो.


खाडीकाठ — २ ऑगस्ट, रात्री ८:५०

३० तारखेला बोट पाण्यात लोटली. काल, अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला), खाडीत ओढ कमी असताना इंजिन चालू केलं. फळी घेऊन माझा आतेभाऊ उभा होता. तिसऱ्या सेल्फला पेटलं. आधी पांढरा धूर, पाच मिनिटांत विरला. स्टॉपची तार तीनदा ओढून बघितली, तिन्ही वेळा बंद झालं. कॅनवर तासभर चालवलं, मग टाकीत एक भाग जुनं आणि तीन भाग नवं असं मिश्रण भरलं. आज सकाळी खाडीतच अंजनवेलच्या बाजूला वळवून, दुसऱ्या बोटीच्या लाटांत मुद्दाम आडवी घालून दोन तास हलवली. काचेच्या वाटीत पाण्याचा थेंबही नाही. दोन फिल्टर, पाना आणि टॉर्च इंजिनाच्या खणात टांगून ठेवलेत, नाखवा, तुमच्या भावाची आठवण ठेवून.

बाबांना खुर्चीत बसवून जेटीवर आणलं होतं. मी इंजिन आयडलला ठेवून वर आलो. ते मान तिरकी करून ऐकत होते. मला वाटलं चांगलं वाटतंय त्यांना. त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली आणि मान हलवली. मला कळेना. परत तीन बोटं. मग खाली जाऊन बघितलं, तर तीन नंबरच्या नोझलच्या नटापाशी डिझेल पाझरत होतं, अगदी बारीक, पुसल्याशिवाय दिसलं नसतं.


पंपवाला_चिपळूण — २ ऑगस्ट, रात्री ९:१५

पाईपचा नट असेल तर इंजिन बंद करून सैल करा, पाईपच्या टोकाचा शंकू पुसा, हाताने पूर्ण बसवून मग पाव फेरा. तरीही पाझरलं तर पाईपच बदला, जास्त आवळू नका. आणि बाबांना माझा नमस्कार सांगा.


खाडीकाठ — ३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

पाव फेऱ्यात थांबलं. आता बाबांच्या हाताचं एकही बोट वर होत नाही.